विरी, उकड आणि पापुद्रा

कर्नाटक विद्यापीठ, 1986 साली स्थापन झालेले कृषी विज्ञान विद्यापीठ आणि 2016 पासूनची आयआयटी यांसारख्या संस्थांमुळे हुबळी-धारवाड या जोडशहरात बाहेरगावच्या विद्यार्थ्यांचा सतत राबता असतो आणि त्यांतील अनेकांवर खोली घेऊन राहताना आयुष्यात प्रथमच शेगडी पेटवण्याची वेळ येते. त्यांचा पहिला आधार म्हणजे खानावळ. हा शब्द तेथील कन्नडनेही ‘खानावळी’ या रूपात आपलासा केला आहे. खानावळीच्या ताटातील मुख्य पदार्थ असतो ज्वारीची भाकरी, म्हणजेच कन्नडमधील ‘जोळद रोट्टी’. परंतु ती थापणे हे वर्षानुवर्षांच्या सरावाचे काम आहे, अशा समजुतीने नवशिके तिच्या वाटेला जात नाहीत. वस्तुतः स्वयंपाकाचा पहिला धडा म्हणून भाकरीइतकी योग्य वस्तू दुसरी क्वचितच सापडेल, कारण तिच्यातील प्रत्येक चूक आपले कारण उघडपणे दाखवते.

हे समजण्यासाठी धान्याचा स्वभाव पाहावा लागतो. गव्हाच्या पिठात पाणी घालून मळले की त्यातील प्रथिनांचे लवचीक जाळे तयार होते, त्याला ‘ग्लूटेन’ म्हणतात आणि त्यामुळेच पोळी ताणून लाटता येते. ज्वारीत असे जाळे तयार होत नाही, म्हणून तिचे पीठ ताणले की तुटते. ही उणीव उकळते पाणी भरून काढते. पिठातील स्टार्चचे कण सुमारे 70 अंश सेल्सिअसला पाणी शोषून फुगतात आणि चिकट होतात. या क्रियेला स्वयंपाकघरात ‘उकड काढणे’ म्हणतात. कडेने चिरा पडणारी भाकरी बहुधा पाणी पुरेसे गरम नव्हते, मळणे अपुरे राहिले किंवा पीठ जुने होते, हेच सांगत असते. दळून फार दिवस झालेल्या पिठाचा चिकटपणा कमी होतो, त्याची ‘विरी गेली’ असे जुनी माणसे म्हणतात, आणि ज्वारीच्या अंकुरातील तेल खवट होऊन त्याला कडवटपणाही येतो. म्हणूनच पीठ थोडे थोडे दळून आणण्याची पद्धत आहे.

कमलाबाई ओगले यांच्या 1970 साली प्रसिद्ध झालेल्या ‘रुचिरा’ने वाटी-चमच्याचे माप देऊन मराठी घरांतील असंख्य नवशिक्यांना धीर दिला. भाकरीत मात्र मापाला मर्यादा पडतात. वाटीभर पिठाला अर्धी ते पाऊण वाटी पाणी हा अंदाज सुरुवातीला पुरतो, परंतु नेमके किती लागेल हे ज्वारीच्या वाणावर आणि पिठाच्या ताजेपणावर ठरत असल्याने शेवटचा निर्णय तळहातानेच घ्यावा लागतो. मळलेला गोळा कोरड्या पिठावर ठेवून तळहाताने फिरवत थापायचा असतो. कन्नडमध्ये याच क्रियेला ‘रोट्टी बडियुदु’, म्हणजे भाकरी बडवणे, म्हणतात.

भाकरी तापलेल्या तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर ठेवून तिच्यावर लगेच पाण्याचा हात फिरवतात. त्यामुळे वरचे सुटे पीठ निघते, बारीक चिरा सांधल्या जातात आणि पृष्ठभाग एकदम सुकत नाही. ते पाणी आटत आले की भाकरी उलटतात आणि ही बाजू नीट भाजली गेल्यावर पहिली बाजू थेट आचेवर धरतात. दोन्ही पृष्ठभाग एव्हाना घट्ट झालेले असल्याने आतल्या ओलाव्याची वाफ कोंडते, भाकरी टम्म फुगते आणि पापुद्रा सुटतो. फुगली नाही तर थापणे असमान झाले, कुठे तरी भोक राहिले किंवा तवा पुरेसा तापला नव्हता, असे समजावे.

पहिले काही आठवडे भाकरी जमत नसली तरी उपासमार होण्याचे कारण नाही. पातळ थापून मंद आचेवर पूर्ण वाळवलेली कडक भाकरी या जोडशहरात विकत मिळते आणि ओलावा निघून गेलेला असल्याने ती बरेच दिवस टिकते. तेवढ्या काळात तिच्याबरोबरचे एकेक कालवण शिकता येते: प्रथम शेंगदाण्याची चटणी, जिला चूल लागते ती फक्त दाणे भाजण्यापुरती; मग फोडणी व आच यांचा अंदाज देणारा झुणका; त्यानंतर मोड आलेल्या कडधान्याची उसळ; आणि हात बसल्यावर तीळ, दाणे व कारळ्यांचे कूट भरलेली वांगी, म्हणजे तेथील ‘एण्णेगायी’.

अनेक पाककृती एकेकदा करून पाहण्यापेक्षा एकच पदार्थ रोज करणे नवशिक्याला अधिक शिकवते. पाण्याची उष्णता, पिठाची विरी, हाताचा दाब आणि तव्याची आच या चारही गोष्टी ज्याला भाकरीने समजावल्या, त्याला पुढचा स्वयंपाक परका वाटत नाही.