पीडी सर

महाविद्यालयात नोकरी मिळवण्यासाठी इंग्रजीच्या किंवा रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाला धावावं लागत नाही. शारीरिक शिक्षण संचालकाला धावावं लागतं. पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के गुण आणि नेट किंवा पीएचडी एवढ्यावर भागत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमानुसार तिशीच्या आतल्या पुरुष उमेदवाराला बारा मिनिटांत १८०० मीटर आणि महिलेला आठ मिनिटांत १००० मीटर अंतर कापून दाखवावं लागतं. कागदावर पदनाम मोठं असलं, तरी छत्रपती संभाजीनगरच्या कॉलेजांत पोरं त्यांना ‘पीडी सर’ म्हणतात. एखाद्या खेळाडूला शोधण्यापासून ते घडवण्यापर्यंतचं सगळं काम या एकाच माणसाकडे असतं.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ १९५८ साली सुरू झालं. आज छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव हे चार जिल्हे त्याच्या अखत्यारीत येतात. पैठण, कन्नड, सिल्लोड, वैजापूरकडची पोरं प्रवेशाच्या दिवसांत शहरात येतात, तेव्हाच पीडी सरांची नजर कामाला लागते. कुणाची उंची व्हॉलीबॉलची, कुणाचे पाय खो-खोचे, शेतातल्या कामाने कुणाची पकड पक्की झालेली. पुढे पात्रता अर्ज, आंतरमहाविद्यालयीन सामने, विद्यापीठाची निवड चाचणी, सराव शिबिर, प्रवासभत्त्याची बिलं. या धबडग्यात शरीर घडवायचं खरं काम मागे पडतं, आणि माझ्या मते दुखणं इथेच आहे.

कबड्डीत चढाईपटू मध्यरेषेकडे झेपावतो, तेव्हा त्याच्या एका गुडघ्यावर अंगाचा भार, वळण्याचा झटका आणि पकड करणाऱ्याची ओढ असं सगळं एकदम येतं. मांडीचे आणि नितंबाचे स्नायू तयार नसतील, तर गुडघ्यातला अस्थिबंध तुटतो आणि त्या पोराचा खेळ तिथेच थांबतो. त्याला रोज शंभर बैठका मारायला लावून हे टळत नाही. आधी बैठक शुद्ध करून घ्यायची, मग पाठीवर हलकं वजन द्यायचं, आठवड्यागणिक ते थोडं थोडं वाढवायचं, उडी मारून जमिनीवर नीट उतरायला शिकवायचं आणि मधे पुरेशी विश्रांती द्यायची. हे काम सामन्यांच्या हंगामात होत नाही, हंगाम संपल्यावर होतं. आपल्याकडे नेमकी तेव्हा परीक्षा येते, मेस बंद होते, पोरं गावी जातात. बीडच्या कित्येक पोरांचे आईबाप तर उसाच्या फडावर असतात. मग आहाराचा तक्ता कुणाच्या हातात द्यायचा? भाकरी, उसळ, शेंगदाणे, अंडी यांवरच भागवावं लागतं. तेही रोज पोटभर मिळालं तर पुष्कळ.

अमेरिकेतही हे काम आधी कुणी मोजत नव्हतं. वजन उचललं की खेळाडू आखडतो, मंदावतो, अशी तिथल्या प्रशिक्षकांची समजूत होती. नेब्रास्का विद्यापीठात बॉइड एप्ली हा बांबू उडीचा खेळाडू जखमी झाल्यावर व्यायामशाळेत वजनं उचलू लागला. फुटबॉल संघातले जखमी खेळाडू त्याचं पाहून तसाच व्यायाम करू लागले आणि परतले ते आधीपेक्षा दणकट होऊन. सहायक प्रशिक्षक टॉम ऑस्बोर्न यांच्या ते लक्षात आलं. १९६९ मध्ये विद्यापीठाने एप्लीला कामावर घेतलं, ताशी दोन डॉलरवर. १९७० आणि १९७१ अशी लागोपाठ दोन वर्षं नेब्रास्काने राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. १९७८ मध्ये एप्लींच्याच पुढाकाराने ताकद प्रशिक्षकांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली आणि हा एक स्वतंत्र पेशा झाला.

आपल्याकडे कस नाही, असं मुळीच नाही. अविनाश साबळे आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. तो सैन्यात गेला, तिथे अमरीश कुमार यांनी त्याला स्टीपलचेसकडे वळवलं. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्य जिंकलं आणि २०२४ मध्ये पॅरिसला ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठली. मराठवाड्याच्या मातीतलं हे शरीर घडलं ते सैन्यात, आपल्या कॉलेजांच्या मैदानांवर नाही. याची मला मनापासून खंत वाटते.

त्याच मैदानांवर पहाटे पोलीस भरतीची पोरं १६०० मीटर पळतात, गोळा फेकतात. त्यांतली बरीच जण फीच्या, खोलीच्या, घरच्या अडचणी घेऊन येतात तीही पीडी सरांकडेच. मुलींना स्पर्धेसाठी बाहेरगावी पाठवायला घरचे तयार नसले, तर त्यांच्या उंबऱ्याशी जाऊन समजूत घालतात ते सर किंवा मॅडमच. हेही खेळाडू घडवणंच आहे, आणि ते कुठल्याही तक्त्यात बसत नाही.

भारतीय क्रीडा प्राधिकरणाचं केंद्र याच शहरात आहे. प्राधिकरणाच्या व्यवस्थेत ताकद प्रशिक्षकाचं पद वेगळं असतं. कॉलेजांनी निदान चार-पाच जणांत मिळून तरी असा एक प्रशिक्षक नेमावा, हंगामानंतरचे तीन महिने मेस चालू ठेवावी आणि पीडींच्या रिकाम्या जागा तासिका तत्त्वावर न ढकलता कायमच्या भराव्यात. पालकांनाही एक विनंती आहे. यंदा मुलीचा किंवा मुलाचा प्रवेश घ्यायला जाल तेव्हा वसतिगृहाची आणि निकालाची चौकशी कराल, तशी आणखी एक करा: तुमच्याकडे पीडी सर आहेत का, की ती जागा रिकामी आहे?