रांगेत सुरू होणारा सिनेमा

डिसेंबरात पहाटे चार वाजता सोलापूर रोडला डाळजच्या फाट्यावर बस उभी दिसली, की ती सहलीची असणार. पोरं थंडीनं कुडकुडतायत, डब्यात धपाटे, कुणाची तरी आई खिडकीतून स्वेटर आत ढकलतेय. काही वर्षांपूर्वी अशाच एका बसमध्ये पोरांवर लक्ष ठेवायला पालक म्हणून मलाही बसवलं होतं. खोपोलीजवळचं इमॅजिका इथून दोनशेच्या आसपास किलोमीटर. मनमोहन शेट्टींनी 2013 साली सुरू केलेल्या या पार्कात तेव्हा ‘मिस्टर इंडिया’वर बेतलेली राइड होती. आम्ही तिच्या रांगेत लागलो आणि पुढचा एक पोरगा मागं वळून म्हणाला, ‘‘काका, मोगॅम्बो कोण ओ?’’

सिनेमा 1987चा, पोरगा पाचवीतला. घड्याळ, अदृश्य माणूस, लाल काचेतून तो दिसतो, हे सगळं मी त्याला रांगेतच सांगत सुटलो. दार उघडलं तेव्हा माझी गोष्ट निम्मीच झाली होती.

सिनेमावर राइड बांधणाऱ्यांची खरी अडचण इथेच आहे. सिनेमाला अडीच-तीन तास मिळतात, राइडला चार-पाच मिनिटं. तेवढ्यात गोष्ट सांगून होत नाही. ती प्रेक्षकाने घरून आणायची असते, किंवा रांगेत उभं असताना त्याच्या गळी उतरवायची असते. आता हिशोब बघा. खोलीत चाळीस आसनं, खेळ पाच मिनिटांचा, चढ-उतारीला आणखी पाच मिनिटं धरली, तर तासाला माणसं सुटणार 240. एकशे ऐंशी पोरांची एक सहल आली की पाऊण तास गेला. म्हणजे पाच मिनिटांच्या खेळाला पाऊण तासाची रांग. हा पाऊण तास फुकट घालवायचा की त्यातच सिनेमा सुरू करायचा, यावरून आराखडा काढणाऱ्याचा वकूब कळतो.

अशा राइडमधल्या आसनांच्या हलण्याचं गणित मात्र जुनंच आहे. वैमानिकांना जमिनीवर बसवून शिकवण्यासाठी जी यंत्रं निघाली, त्यांतून हे हलत्या आसनांचे सिम्युलेटर आले. 1987च्याच जानेवारीत कॅलिफोर्नियातल्या डिस्नीलँडने ‘स्टार वॉर्स’वरची ‘स्टार टूर्स’ सुरू केली, तीही अशाच यंत्रावर. ड्रायव्हरने गाडी दामटली की आपली पाठ सीटला चिकटते. सिम्युलेटर तेच फसवून करतो. खुर्ची मागे कलते, पण पडदाही तिच्यासोबत कलत असल्याने डोळ्यांना कलल्याचं कळत नाही. आपल्याच अंगाचं वजन पाठीवर येतं आणि मेंदू म्हणतो, गाडी सुटली. मग पडदा दुसरंच काही दाखवत असताना खुर्ची इतक्या हळू पूर्वपदावर येते, की पोटातलं पाणी हलत नाही. जागेवरची गाडी हातभरसुद्धा पुढे गेलेली नसते. डोळे आणि कान यांचा मेळ बिघडला, की मात्र सकाळचे धपाटे वर येतात. हेही सहलीतच पाहिलं. (कुठल्या पार्कात ते राहू दे. तिथल्या एका राइडला तास उभं राहिल्यावर ‘तांत्रिक कारणास्तव बंद’ची पाटी लागली, तेही राहू दे.)

हे सगळं बाहेरून आलेलं खूळ आहे, असं म्हणणाऱ्यांनी आपली जत्रा आठवावी. आकाशपाळणा, मौत का कुआँ, तंबूतली टॉकीज, फोटोवाल्याकडचं पुठ्ठ्याचं विमान. त्या विमानात बसून फोटो काढणं म्हणजे दोन मिनिटांची राइडच की. त्याच्या पुढची पायरी पुण्यात दिसते. गणेशोत्सवातले हलते देखावे बघायला आमच्याकडून टेम्पो भरून माणसं जायची. रांगेत उभं राहायचं, मंडपात शिरताच उजेड कमी व्हायचा, आवाज घुमायचा आणि बाजीराव रोडचा माणूस एकदम गडावर पोचायचा. दगडूशेठच्या मंडळाने 2023 साली अयोध्येच्या राममंदिराची प्रतिकृती उभी केली, तेव्हाही लोक नुसतं बघायला जात नव्हते. आत जाऊन आल्याचं सांगत होते. परदेशातली पार्कं हेच विकतात. फरक पैशांचा आणि टिकाऊपणाचा.

त्यात टिकाऊपणाचा फरक फार मोठा. कलादिग्दर्शक नितीन देसाईंनी 2005 मध्ये कर्जतला एन. डी. स्टुडिओ उभारला, तिथे ‘जोधा अकबर’साठी किल्ल्यातले महाल उठले. गणेशोत्सवात ‘लालबागच्या राजा’ची सजावटही ते करत. सिनेमातला महाल कॅमेऱ्यापुरता असतो. पुढून संगमरवर, मागून बांबू, प्लाय आणि पीओपी. पार्कातला महाल चारी बाजूंनी पाहिला जातो, पोरं त्याला लटकतात, त्याच्या भिंतीवर नखाने नाव कोरतात, आणि कोकणच्या तोंडावरचा पाऊस त्याला दर वर्षी चार महिने झोडपतो. म्हणून कलादिग्दर्शकाच्या जोडीला इथे बांधकामाचा इंजिनिअर, आगीचा बंदोबस्त पाहणारा आणि ‘रोज इतकी माणसं सुटली पाहिजेत’ म्हणणारा हिशोबनीसही बसतो.

या सगळ्यांना एका माळेत ओवणारं ठळक उदाहरण म्हणजे ऑर्लँडोची 2010ची हॅरी पॉटरची नगरी. सिनेमांचे कलादिग्दर्शक स्टुअर्ट क्रेग यांनाच तिथे कामाला घेतलं. हॅरीच्या शाळेचा, हॉग्वर्ट्सचा किल्ला उंच भासावा म्हणून वरवर जाताना त्याचे मनोरे आणि खिडक्या लहान लहान होत जातात. खालचा माणूस फसतो. राइडची रांग त्या शाळेतूनच जाते, भिंतीवरची चित्रं बोलतात, प्राचार्यांचं दालन लागतं. नंतर यंत्रमानवाच्या हाताला जोडलेल्या बाकावर बसून जे काही होतं, ते तर वरकड. बाहेर पडल्यावर पुस्तकातलं बटरबिअर दुकानात मिळतं. हॅरी तिथे भेटला नाही तरी चालतं, कारण लोक शाळा बघायला आलेले असतात.

आपल्याकडच्या सिनेमांचं घोडं पेंड खातं ते नेमकं इथे. 2016 मध्ये दुबईत ‘बॉलीवूड पार्क्स’ सुरू झालं. त्यात शोले, लगान, क्रिश, रा.वन, दबंग असे सगळे होते. 2023 मध्ये ते बंद पडलं. व्यवहाराची कारणं व्यवहारवाल्यांनी सांगावीत. मला यादी बघून एक गोष्ट जाणवते. ‘दबंग’मध्ये नायक आहे, गॉगल आहे, पण जायला गाव नाही. ‘शोले’त रामगढ आहे. पाण्याची टाकी, ठाकूरचं घर, तांगा उभा राहतो ती जागा, आणि पलीकडे गब्बरचे खडक. हा सिनेमा पाहिलेला कुणीही माणूस मातीत काडीने या गावाचा नकाशा काढून दाखवेल. ज्या सिनेमाचा असा नकाशा काढता येतो त्याचीच नगरी होते. बाकीच्यांची फार तर राइड होते.

महाराष्ट्रात गर्दी कशावर जमते याचं उत्तर शिर्डीने वेगळंच दिलंय. तिथल्या साई तीर्थ पार्कात सिनेमा नाही, भक्ती आहे. ‘तीर्थयात्रा’ नावाच्या राइडमध्ये बसल्या जागी देवळं फिरवून आणतात, ‘लंका दहन’ हा फाइव्ह-डी खेळ आहे, आणि ‘द्वारकामाई’त यंत्राने हलणारे साईबाबा समोर येतात. ज्या मालपाणी समूहाने ते उभारलं, त्यानेच 2022 मध्ये इमॅजिका ताब्यात घेतलं. शिर्डीतल्या रांगेत ‘हे कोण ओ?’ असं कुणी विचारत नसणार. गोष्ट प्रत्येकाने घरून आणलेलीच असते. पुण्यात आंबेगावला एकवीस एकरांवर उभी राहत असलेली शिवसृष्टी, जिचा सरकारवाडा 19 फेब्रुवारी 2023ला खुला झाला, तिचंही तेच.

मराठी सिनेमाची नगरी काढायची झाली तर ती कुठे, हा प्रश्न डाळजच्या माणसाला फार लांबचा नाही. उजनी धरणाच्या फुगवट्याच्या पलीकडे करमाळा तालुका लागतो. जेऊरच्या नागराज मंजुळेंनी ‘सैराट’चं शूटिंग त्याच मुलखात केलं. एप्रिल 2016 मध्ये सिनेमा लागला आणि मे महिन्याच्या उन्हात गाड्या करून लोक तिकडे जायला लागले. सिनेमातले आर्ची-परश्या बसले ते वठलेलं झाड, ती विहीर, तो ऊस. तिकीट नाही, रांग नाही, पाटी नाही. झाडाखाली आईस्क्रीमचा गाडा तेवढा आला. नकाशा लोकांनी स्वतःच काढला होता.

आमच्या भागातला आणखी एक देखावा कुणीच बांधलेला नाही. धरणाच्या पाण्यात गेलेलं पळसदेवचं जुनं देऊळ पाणी उतरलं की उन्हाळ्यात वर येतं. शिखरावर बगळे, पायाशी भेगाळलेला गाळ. पुण्याकडून मोबाईल घेऊन माणसं येतात, चपला हातात धरून गाळातून चालतात. गेल्या खेपेला मोगॅम्बो कोण विचारणारा तोच पोरगा सोबत होता. आता तो कॉलेजात आहे. देवळापाशी उभं राहून त्याने पाण्यापलीकडे बोट केलं आणि पुण्याहून आलेल्या एका कुटुंबाला ‘सैराट’ तिकडं कुठं कुठं झाला ते सांगायला सुरुवात केली. त्यांच्यातल्या लहानग्या मुलीने बाबांचा शर्ट ओढला. ‘‘बाबा, आर्ची कोण?’’