रोप एकटं येत नाही

परदेशातून परतताना ओल्या टिश्यू पेपरात गुंडाळलेली एखादी फांदी पर्समध्ये टाकून आणणं आपल्याकडे गुन्ह्यात मोडत नाही, हौसेत मोडतं. ‘विकायला थोडीच आणलीय, कुंडीत लावायला एकच तर आहे,’ हे उत्तर तयारच असतं. कायदा मात्र एक की शंभर हे विचारत नाही. भारतात 2003 चा प्लांट क्वारंटाइन आदेश लागू आहे. लावण्यासाठी आणलेल्या रोपाला, फांदीला, कंदाला तो दोन कागद मागतो. एक, आधीच काढून ठेवलेला आयात परवाना. दुसरा, रोप ज्या देशातून निघालं तिथल्या सरकारी यंत्रणेनं तपासणी करून दिलेलं फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट. दुकानदारानं पावतीवर मारलेला ‘रोगमुक्त’ शिक्का इथं कामाचा नाही. आणि मुळांना माती चिकटलेली असेल तर बोलणंच खुंटलं, कारण मातीसकट रोप आणायला मनाईच आहे. काही रोपं तर रीतसर परवान्यानं आली तरी लगेच हाती पडत नाहीत. ठरलेला काळ ती वेगळी वाढवतात, पुन्हा तपासतात आणि मग सोडतात.

एवढा काच कशाला, रोप तर हिरवंगार दिसतंय? हा सगळ्यात महागात पडलेला गैरसमज. इटलीच्या दक्षिणेला पुलिया भागात ऑलिव्हच्या फांद्या शेंड्याकडून करपत होत्या. 2013 मध्ये कारण सापडलं: झायलेला फास्टिडिओसा नावाचा जिवाणू. जनुकीय तपासणीत तो कोस्टा रिकामधल्या कॉफीवरच्या जिवाणूशी जुळला. घरात शोभेला ठेवायची कॉफीची रोपं युरोपात येत असतात. त्यांच्यातूनच तो आला असावा, असं संशोधक मानतात. झाडात पाणी वर नेणाऱ्या नलिकांमध्ये तो राहतो आणि अनेक जातींमध्ये बाहेरून लक्षण म्हणून दाखवत नाही. पुढचा प्रसार तिथल्याच एका रस शोषणाऱ्या किड्यानं केला, ज्याची पिल्लं थुंकीसारख्या फेसात वाढतात. लाखो झाडं गेली. त्यांत शेकडो वर्षांची खोडंही होती.

आपल्या केळीनंही हे भोगलं आहे. पर्णगुच्छ, म्हणजे बंची टॉप, हा विषाणूजन्य रोग 1940 च्या सुमारास श्रीलंकेतून केरळात आला तो लागवडीच्या साहित्याबरोबर. नंतर मावा त्याला बागेतून बागेत नेत राहिला. मुनवा हातात घेऊन कितीही निरखला तरी आतला विषाणू दिसत नाही.

मग टिश्यू कल्चरचं रोप घेतलं की काळजी मिटली, असं जळगावकडं अनेक जण समजतात. अर्धं खरं आहे. बाटलीत माती नसते, कीड नसते, बुरशी असली तर ती लगेच दिसते. विषाणूचं तसं नाही. मातृरोपातच तो असेल तर प्रयोगशाळा त्या एका आजारी झाडाची हजारो आजारी रोपं मन लावून तयार करते! म्हणून मातृरोपाची विषाणू-तपासणी हा सगळ्या प्रकरणाचा कणा आहे. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागानं 2006 पासून टिश्यू कल्चर रोपांसाठी प्रमाणपत्राची व्यवस्था उभी केली ती यासाठीच. रोपं घेताना दरापेक्षा आधी हे प्रमाणपत्र मागावं.

मातीतून फक्त सूत्रकृमी आणि बुरशी येतात असंही नाही. आपल्याकडं पावसाळ्यात न्हाणीघराच्या मोरीत निघणारा, गांडुळासारखा दिसणारा बिनविषारी वाळा आठवा. कुंड्यांच्या मातीत बसून हा साप जगभरातल्या उष्ण प्रदेशांत पोहोचला आहे. त्याच्यात नर नसतातच, मादी एकटीच अंडी घालते. त्यामुळे नव्या देशात वंश सुरू करायला एक कुंडी पुरते. स्पेनच्या इबिझा बेटाची गोष्ट आणखी वाईट. मुख्य भूमीवरून बागांसाठी आणलेल्या जुन्या ऑलिव्हच्या पोकळ खोडांतून 2003 च्या सुमारास तिथं नालखुणेचा एक साप उतरला आणि बेटावरची खास पाल आता त्यानं संकटात आणली आहे. एकाच देशातली ही वाहतूक, त्यामुळे सीमा ओलांडणं एवढाच काही धोका नाही.

रोगकिडींखेरीज दुसरा प्रश्न दुर्मीळ रोपांच्या व्यापाराचा. धोक्यातल्या वन्य जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या, 1975 पासून लागू असलेल्या साइट्स या कराराबद्दल दोन उलटसुलट समज आहेत. एक, तो फक्त वाघ-हत्तींसाठी आहे. प्रत्यक्षात त्याच्या यादीत सुमारे 40,000 जाती आहेत आणि त्यांतल्या बहुसंख्य वनस्पती आहेत. ऑर्किडचं तर अख्खं कुळच त्यात येतं. दुसरा, यादीत नाव म्हणजे व्यापार बंद. तसंही नाही. बहुतेक वनस्पतींचा परवान्यानं व्यापार करता येतो, आणि अधिकृत नोंदींमधली 99 टक्क्यांहून जास्त जिवंत ऑर्किड लागवड केलेली असतात. धोका उरतो तो रानातून उपटलेल्यांना. अगस्त्यमलईच्या डोंगरातलं पॅफिओपेडिलम द्रुरी हे पिवळं ऑर्किड संग्राहकांनी जवळजवळ संपवलं.

कॅक्टसची तस्करी म्हटलं की अजून लोक हसतात. फेब्रुवारी 2020 मध्ये इटलीतल्या सेनिगालिया इथं पोलिसांनी चिलीच्या अटाकामा वाळवंटातून उपटलेले हजारावर कॅक्टस पकडले. काहींचं वय शंभरीपार होतं. पुढच्या वर्षी त्यातले 800 हून अधिक परत चिलीला पाठवले.

राहिली आपल्या नर्सऱ्यांमधली ‘इंपोर्टेड’ ही पाटी, जिच्यावर दुप्पट भाव लागतो. जात परदेशी असते, रोप तसं असेलच असं नाही. अनेकदा ते आंध्रातल्या कडियममध्ये वाढलेलं असतं. आणि ‘हॉलंडचं’ म्हणाल तर डच काचघरांत वाढणाऱ्या शेवंतीच्या फांद्या मुळात युगांडा, केनिया, इथिओपियातून येतात. भारतानं 2020-21 मध्ये सुमारे 1.7 कोटी डॉलरची टिश्यू कल्चर रोपं निर्यात केली, त्यातली जवळपास निम्मी नेदरलँड्सला. पाटी पाहून खिशात हात घालण्याआधी नर्सरीवाल्याला विचारा, रोप वाढलं कुठं?