एकट्या बापाला काय हवे, एकट्या आईला काय हवे

ऐन चाळिशीत जोडीदार गमावलेला मुलगा, लेक किंवा सून घरात असेल, तर त्या घरातील ज्येष्ठांवर दुहेरी भार येतो. स्वतःचे दुःख गिळून नातवंडांचे डबे, शाळा, दुखणीखुपणी पाहायची आणि त्याच वेळी समोरच्या तरुण माणसाचे मनही जपायचे. हे जपताना घरोघरी एक गोष्ट घडते. पुरुषाला आपण डबा पाठवतो आणि स्त्रीला धीराचे शब्द देतो. बहुतेकदा गरज नेमकी उलटी असते.

अशी माणसे ‘मन लागत नाही’ ही तक्रार घेऊन माझ्याकडे क्वचितच येतात. पुरुष येतो तो पित्त, उडालेली झोप किंवा अचानक वाढलेला रक्तदाब घेऊन. स्त्री येते ती कंबरदुखी, डोकेदुखी, धडधड आणि ‘अंगात त्राण नाही’ हे वाक्य घेऊन. पुष्कळदा तपासण्यांचे अहवाल निर्दोष निघतात. मग खुर्ची थोडी पुढे ओढून विचारावे लागते, ‘घरी आता कोण कोण असते?’

अमेरिकेत डेब्रा अम्बर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. वैधव्यानंतर स्त्रियांना येणाऱ्या नैराश्यामागे मुख्यतः आर्थिक ताण असतो, तर पुरुषांच्या नैराश्यामागे घर चालवण्याचा ताण असतो, असे त्यांना आढळले. अभ्यास परदेशातला असला, तरी आपल्या घरांत तो सहज ओळखू येतो. बँकेचे व्यवहार, विम्याचे कागद, घराच्या कर्जाचा हप्ता हे सारे ‘ते बघायचे’. उलट मुलाला कोणते औषध सोसत नाही, वर्गशिक्षिकेचे नाव काय, वाढदिवसाला कोणाला फोन करायचा, हे सारे ‘ती बघायची’.

यातली शेवटची गोष्ट आपण फार हलकी समजतो. कुटुंबाची नाती प्रायः पत्नी सांभाळत असते. नणंदेला फोन, शेजारी तिळगूळ, आजारी मावशीची विचारपूस ही कामे तिची. ती गेली की काही महिन्यांत त्या घरातील फोन वाजेनासा होतो. पुरुषाने नाती तोडलेली नसतात. ती त्याच्या हाती कधी आलेलीच नसतात. स्त्रीकडे बोलायला बहीण असते, मैत्रीण असते. पुरुषाकडे सहकारी असतात, आणि त्यांच्याशी तो क्रिकेटवर बोलतो.

या एकटेपणाची किंमत शरीरही मोजते. ब्रिटनमध्ये ५५ वर्षांवरील ४,४८६ विधुरांचा अभ्यास १९६३ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. पत्नीच्या निधनानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत त्यांचे मृत्यूचे प्रमाण त्याच वयाच्या विवाहित पुरुषांपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी अधिक होते. हा आकडा वडीलधाऱ्या वाचकांनी स्वतःसाठीही लक्षात ठेवावा. ज्याच्या गोळ्या पत्नी हातावर ठेवत असे, त्याच्या गोळ्या आता कोण ठेवतो, हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात विचारायला हवा.

मग मदत कशी करावी? नेदरलँड्समधील संशोधकांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मला येथे फार उपयोगी वाटतो. जोडीदार जाऊन अकरा महिने झाले तरी न सावरलेल्या स्त्रीपुरुषांना त्यांनी दोन प्रकारचे समुपदेशन दिले. एकात भावना मोकळ्या करण्यावर भर होता, दुसऱ्यात रोजच्या अडचणी सोडवण्यावर. पुरुषांना पहिल्याचा अधिक लाभ झाला, स्त्रियांना दुसऱ्याचा. ज्याची ज्याला सवय नव्हती, तेच त्याला उपयोगी पडले.

म्हणून मुलगा गप्प असेल, तर ‘मुलांकडे बघ, खंबीर हो’ हे वाक्य टाळा. तो खंबीर दिसतो आहे, हीच तर अडचण आहे. समोर बसवून विचारलेत, तर ‘ठीक आहे’ एवढेच उत्तर येईल. संध्याकाळी बरोबर फिरायला न्या, भाजी निवडायला बसवा आणि गेलेल्या सुनेचे नाव तुम्हीच आधी घ्या. नातवंडांची सारी जबाबदारी मायेपोटी आजीने उचलू नये. तसे झाले की बाप केवळ पैसे आणणारा उरतो आणि आई गेलेल्या मुलाला बापही दुरावतो. तापाच्या औषधाचे प्रमाण त्याला शिकवा, पालकसभेला त्यालाच पाठवा. केंद्र सरकारच्या सेवेतील एकल पुरुष पालकांनाही २०१८पासून बालसंगोपन रजा मिळते, हे अनेकांना ठाऊक नसते. आणि तिसऱ्याच महिन्यात त्याच्यासाठी स्थळे पाहणे थांबवा. (हीच घाई विधवा लेकीच्या बाबतीत कोणी करत नाही, हेही नोंदवण्याजोगे आहे.)

लेकीला किंवा सुनेला मात्र सांत्वन करणारे पुष्कळ भेटतात; तिच्याबरोबर बँकेच्या रांगेत उभे राहणारे भेटत नाहीत. भविष्य निर्वाह निधी, कुटुंब निवृत्तिवेतन, वारसनोंद या कामांत निवृत्त वडील किंवा सासरे अमोल मदत करू शकतात. एकल पालकांच्या मुलांसाठी महाराष्ट्र शासनाची बालसंगोपन योजना आहे. दरमहा प्रत्येक बालकामागे २,२५० रुपये मिळतात. पात्रतेची चौकशी जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात करावी. त्याखेरीज आठवड्यातून एक दुपार तिला झोपू द्या. तिच्या ‘त्राण नाही’वर माझ्याकडच्या कोणत्याही टॉनिकपेक्षा हा उपाय सरस आहे.

तिच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, ती पुरुषाच्या वाट्याला येत नाही. पत्नी गेली म्हणून कोणी पुरुषाला बारशातून मागे सारत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२मध्ये विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. परंतु घरच्या समारंभात हळदीकुंकवाचा करंडा आजीच्या हाती असतो. तो सुनेपुढे धरायला ठराव लागत नाही.

घटस्फोटित मुलामुलींबाबतही हे बरेचसे लागू पडते. तेथे दुःखावर लाजेची एक पुटी अधिक असते, एवढेच. आणि हे सारे ढोबळ कल आहेत. मूक राहणाऱ्या स्त्रिया आणि धाय मोकलून रडणारे पुरुष मी पाहिले आहेत. आपल्या घरातले माणूस कोणत्या वळणाचे, हे आपणच जाणता.

काही खुणा मात्र दोघांतही सारख्याच गंभीर. दोन आठवड्यांहून अधिक काळ सतत उदासी, मुलांकडे दुर्लक्ष, रोजचे मद्यपान, किंवा ‘मी नसतो तर बरे झाले असते’ असे बोलणे. अशा वेळी वाट पाहू नका, डॉक्टरांकडे न्या. जीव देण्याचे बोलणे निघाले, तर त्या व्यक्तीला एकटे सोडू नका. ‘टेली मानस’चा १४४१६ हा शासकीय क्रमांक दिवसरात्र विनामूल्य चालू असतो आणि मराठीतही बोलता येते.

जाता जाता, तपासणीला मुलाला किंवा सुनेला घेऊन याल, तेव्हा स्वतःच्या गोळ्यांची पाकिटेही पिशवीत टाका. तुम्हीही घरातले एक माणूस गमावले आहे, आणि तुमचा रक्तदाब बहुधा कित्येक महिन्यांत कोणी मोजलेला नसतो.