भरतीला विचारून आखलेला आठवडा

तापीच्या मुखाशी हजीऱ्याच्या धक्क्यावरून शेकडो टनांचा रिअॅक्टर बार्जवर चढवायचा असेल, तर त्याची तारीख मॅनेजरच्या हातात नसते. ती चंद्र ठरवतो. खंबातच्या आखातात भरती-ओहोटीतला फरक देशात सर्वांत मोठा. आत भावनगरकडे तो दहा मीटरच्याही पुढे जातो. बार्जचा डेक आणि धक्का एका पातळीला आले, की खूप चाकांचा ट्रेलर इंच-इंच पुढे न्यायचा आणि वजन चढेल तसं बार्जच्या टाक्यांमधलं पाणी पंपाने कमी-जास्त करून तिला सावरायचं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी चांगलं चढतं, अष्टमीच्या सुमारास भांगाला तितकं नाही. त्यात भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. उधाण हुकलं, तर पुढचं पंधरवड्याने.

म्हणून इथे आठवडा शेवटाकडून मागे आखावा लागतो. आधी भरतीची तारीख, तिच्या मागे पॅकिंग आणि कागदपत्रं, त्यामागे रंगकाम, त्यामागे हायड्रो टेस्ट, त्याआधी स्ट्रेस रिलीव्हिंग. भट्टी एकदा पेटली की मधे थांबवता येत नाही. रेडिओग्राफीसाठी आसपासची माणसं हटवावी लागतात, त्यामुळे ती बहुधा रात्रीच. ज्या गोष्टी तुमचं ऐकणार नाहीत त्या आधी मांडायच्या आणि उरलेल्या जागेत आपलं काम बसवायचं, ही आठवड्याच्या नियोजनाची पहिली पायरी. बहुतेक मॅनेजर नेमकं उलटं करतात. आधी कामांची यादी लिहितात आणि आठवड्याने तिच्यात मावावं अशी अपेक्षा धरतात.

हजीरा सुरतेपासून पंचवीसेक किलोमीटर. ऐंशीच्या दशकात समुद्रातल्या वसई क्षेत्राचा वायू इथे किनाऱ्याला आला आणि इथूनच हजीरा-विजयपूर-जगदीशपूर वाहिनी उत्तरेकडे निघाली. वायूमागोमाग कृभकोचा खत कारखाना, ओएनजीसीचा वायू प्रकल्प, रिलायन्स, लार्सन अँड टुब्रो, पोलाद कारखाना, एलएनजी टर्मिनल, बंदर. लार्सनच्या इथल्या कारखान्यात फ्रान्समधल्या ‘ईटर’ या अणुसंलयन प्रकल्पाचं क्रायोस्टॅट तयार झालं. सुमारे तीस मीटर व्यासाचं, तितकंच उंच आणि ३,८५० टन वजनाचं हे पात्र ५४ भागांमध्ये करून पाठवलं गेलं. शेवटचे भाग ३० जून २०२० रोजी, ऐन कोरोनाच्या धामधुमीत, रवाना झाले. असं काम वर्षानुवर्षं चालतं, पण पुढे सरकतं ते आठवड्या-आठवड्यानेच.

या पट्ट्यातली एक गोष्ट मला नेहमी चमत्कारिक वाटते. शटडाऊन असला की हीच माणसं महिनोन्महिने आधीपासून तासातासाचा हिशेब मांडतात. कुठला व्हॉल्व्ह कधी उघडणार, कुठली क्रेन कुठे उभी राहणार, सगळं भिंतीवर लागलेलं असतं. त्यामागची ‘क्रिटिकल पाथ’ पद्धत अमेरिकेतल्या ड्यूपॉन्ट कंपनीत १९५०च्या दशकाच्या अखेरीस तयार झाली आणि लवकरच देखभालीच्या शटडाऊनलाही लावली गेली. शटडाऊन संपला की मात्र साधा आठवडा रविवारी रात्री व्हॉट्सअॅपवर टाकलेल्या दहा ओळींवर चालतो.

याचं एक कारण मॅनेजरच्या दिवसातच आहे. कॅनडाच्या हेन्री मिंट्झबर्ग यांनी पाच संस्थाप्रमुखांना प्रत्येकी आठवडाभर जवळून निरखलं. त्यावरचं त्यांचं पुस्तक १९७३ साली आलं. त्या प्रमुखांच्या दिवसातली निम्मी कामं नऊ मिनिटांच्या आत उरकत होती. तासाहून जास्त चाललेली कामं दहात एक. सकाळची मीटिंग, वर्क परमिटवर सही, बंद पडलेली क्रेन, ग्राहकाचा फोन: हजीऱ्यातला दिवस याहून वेगळा कसा असेल? तेव्हा ‘मंगळवारी सकाळी दोन तास बसून रिपोर्ट लिहीन’ हे वाक्य लिहितानाच खोटं ठरलेलं असतं. दार लावून ते दोन तास कोणी राखले असतील तरच त्याला अर्थ.

दुसरं कारण माणसाच्या स्वभावात आहे. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये त्याला ‘नियोजनाचा भ्रम’ म्हटलं. पुढे १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना विचारलं, तुमचा प्रबंध किती दिवसांत होईल? सरासरी उत्तर आलं ३४ दिवस. सगळंच बिघडलं तर? ४९ दिवस. प्रत्यक्षात लागले ५५च्या वर. वाईटात वाईट धरलेला अंदाजसुद्धा तोकडाच पडला. अनुभवी इंजिनिअर याला अपवाद असतात असं समजू नये. मागच्या कामाला किती वेळ लागला हे आठवण्यापेक्षा पुढचं काम सुरळीत पार पडताना डोळ्यांपुढे आणणं सगळ्यांनाच सोपं जातं.

यावर मला पटलेला उपाय बांधकाम क्षेत्रातून आला आहे. ग्लेन बॅलार्ड आणि ग्रेग हॉवेल यांनी १९९०च्या दशकात बांधकामांचे साप्ताहिक आराखडे तपासले, तेव्हा ठरवलेल्या कामांपैकी जेमतेम निम्मी त्या आठवड्यात पूर्ण होत असल्याचं दिसलं. माणसं आळशी नव्हती. कामंच सुरू होण्याजोगी नव्हती. ड्रॉइंग आलेलं नाही, माल गेटवर अडकलाय, मचाण दुसऱ्याच टोळीकडे आहे. त्यातून ‘लास्ट प्लॅनर’ ही पद्धत निघाली. तिचा गाभा साधा आहे: ज्याच्या वाटेतला अडथळा निघालेला आहे तेच काम या आठवड्यात धरायचं. बाकीची कामं पुढच्या सहा आठवड्यांच्या कागदावर ठेवायची आणि त्यांचे अडथळे आत्तापासून काढायला घ्यायचे. शनिवारी ठरलेल्यांपैकी किती झाली ते मोजायचं. न झालेल्यापुढे कारण लिहायचं, कोणाचं नाव नाही.

हजीऱ्याच्या शॉपमध्ये हे प्रश्न असे असतील. ड्रॉइंग मंजूर होऊन आलंय का? प्लेट आणि तिचं सर्टिफिकेट दोन्ही हातात आहेत का? त्या प्रक्रियेला पात्र ठरलेला वेल्डर कुठल्या शिफ्टला आहे? ग्राहकाच्या इन्स्पेक्टरला कॉल दिलाय का? एकाचंही उत्तर ‘नाही’ आलं, तर तुमचं या आठवड्याचं काम ते ‘नाही’ काढणं, एवढंच.

आणि माणसं? इथे पंचांग जवळ लागतं. दिवाळीत सुटी पडली की सुरत लाभपाचमेपर्यंत जागची हलत नाही. उत्तरायणाला १४ जानेवारीला शहर गच्चीवर, १५ला वासी उत्तरायण म्हणून पुन्हा गच्चीवर. उधना, लिंबायत, डिंडोलीतला खानदेशी आखाजीला भुसावळ लाइनची गाडी पकडतो. बिहारकडचा फिटर छठला जातो. या तारखा वर्षभर आधी छापून आलेल्या असतात. तरीही दरवर्षी कुणीतरी छठच्या आठवड्यात मोठं फिटअप लावतं आणि ‘माणसं पळाली’ म्हणून डोक्याला हात लावतं.

आता मॅनेजरच्या स्वतःच्या तासांकडे येऊ. १९४८च्या कारखाने कायद्याने कामगाराच्या आठवड्याला ४८ तासांची चौकट घातली. मॅनेजर स्वतःला तीही लावत नाही. समजा लावली. रोजच्या मीटिंगा, परमिट, सेफ्टी राउंड, रिव्ह्यू वजा केले, तर हाताशी वीसेक तास उरतील. त्यातले बारा भरावेत, आठ मोकळे सोडावेत. बिघाड येणारच आहे. त्याला कुठल्या वारी यायचं ते माहीत नाही इतकंच.

हे सगळं करायचं शुक्रवारी दुपारी. तेव्हा स्टोअर उघडं असतं, पर्चेसवाला फोन उचलतो, अडथळा काढायला शनिवार हाताशी असतो. रविवारी रात्री सापडलेल्या अडथळ्याचं काय करणार? हाताखालच्या माणसाची झोप उडवणार. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना संघटित करून वर्षानुवर्षं मागणी लावून धरली, तेव्हा १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. ही रविवारची पुरवणी वाचणाऱ्या मॅनेजरांना विनंती एवढीच, की आज तुमच्या सुपरवायझरला ‘उद्याचं काय?’ असा मेसेज टाकू नका. विचारायचं होतं ते शुक्रवारी विचारायला हवं होतं. आता सोमवारी सकाळी विचारा.