वीज गेल्यानंतरचे दहा सेकंद

घरी लाइट गेली की आपण आधी खिडकीतून डोकावतो: शेजाऱ्यांचीही गेलीय ना? छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात, जिथे मराठवाड्याबरोबर जळगाव-बुलढाण्याचेही रुग्ण येतात, एवढी सवड कुठली!

वीज गेल्यावर डिझेल जनरेटर सुरू होऊन भार उचलेपर्यंत साधारण दहा-पंधरा सेकंद जातात. ही अदलाबदल एएमएफ पॅनेल आपोआप करतं. मधली फट यूपीएस भरून काढतो, आधी व्हेंटिलेटर आणि मॉनिटरसाठी. शस्त्रक्रियेच्या दिव्याला तर आंतरराष्ट्रीय मानक जेमतेम अर्धा सेकंद देतं. ५०० केव्हीएचा संच पूर्ण भारावर तासाला सुमारे १०० लिटर डिझेल पितो. लांबलेल्या बिघाडात खरी काळजी टाकीची.

दगा देते ती मात्र बहुतेकदा जनरेटर सुरू करणारी बॅटरी. इंजिन लाखांचं, अडतं टर्मिनलवर साचलेल्या पांढऱ्या-हिरवट थरापाशी. म्हणून संच नेमाने चालवून बघायचा, तोही भार देऊन. नुसता रिकामा फिरवला, तर न जळलेलं डिझेल सायलेन्सरमध्ये काळं, चिकट होऊन बसतं. वहीत ‘ओके’ मात्र दोन्ही वेळा लिहिता येतं.

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई महानगरातली वीज गेली. करोनाचा काळ, अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवरचे रुग्ण. तेव्हा रुग्णालयांना तारलं ते तळघरात, आवारात धडधडणाऱ्या याच यंत्रांनी.