अर्ज मोबाइल लिहितो, तारीख कोण विचारणार?

तहसील कचेरीसमोर माझं टायपिंगचं दुकान आहे. हल्ली लोक अर्ज लिहून घ्यायला कमी येतात आणि लिहून आणलेला अर्ज दाखवायला जास्त. मोबाइल पुढे करून म्हणतात, "ताई, एवढी प्रिंट काढा, पण आधी बघून घ्या बरोबर आहे का." चॅटजीपीटी २०२२च्या नोव्हेंबरात आलं, तेव्हा आमच्या तालुक्यात त्याचं नावही कुणाला ठाऊक नव्हतं. आता बांधाच्या भांडणापासून रेशनकार्डातलं नाव कमी करण्यापर्यंतचे अर्ज अशा कुठल्या ना कुठल्या साधनाकडून लिहून येतात. त्यातले बरेचसे चांगले असतात, हे मी आधीच सांगते.

मराठी टायपिंगची ३० शब्दांची परीक्षा देऊन मी या धंद्यात आले, तेव्हापासून समोरच्या खुर्चीवर अडखळणारी माणसं पाहत आले आहे. गाऱ्हाणं खरं असतं, पण सुरुवात कुठून करायची तेच सुचत नाही. त्यात कागद इंग्रजीत असला की हातपायच गळतात. मध्यंतरी एक शेतकरी मुलाला घेऊन आले. पीकविम्याचा दावा नाकारल्याचं इंग्रजी पत्र किती तरी दिवस त्यांच्या खिशात घडी होऊन पडलं होतं. मुलानं त्याचा फोटो काढून मोबाइललाच अर्थ विचारला. नुकसानीची खबर ७२ तासांत दिली नाही, असं पत्रात कारण होतं. खबर तर वेळेत दिली होती, आणि ज्या फोनवरून दिली त्यात कॉलची तारीखवेळ तशीच होती. बापलेक माझ्याकडे आले ते उत्तराचा मसुदा तयार करूनच. मी दोन ओळी इकडच्या तिकडे केल्या, बस. त्या दिवशी मला या यंत्राचं मनापासून कौतुक वाटलं.

त्याच यंत्राची धास्ती का वाटते, तेही सांगते.

साठीच्या एक मावशी आल्या. वडील गेल्यावर वारसाच्या फेरफारात भावांची नावं लागली, यांचं राहून गेलं किंवा ठेवलं गेलं. नातवानं मोबाइलवर लिहून घेतलेला अर्ज सोबत होता. भाषा अशी की साहेबानं उठून उभं राहावं. मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क देणारी २००५ची दुरुस्ती होती, सर्वोच्च न्यायालयाचा २०२०चा विनीता शर्मा निकालही होता, आणि दोन्ही बिनचूक. खाली मात्र मागणी होती "दाखिल-खारिज रद्द करण्याची", आणि कलम होतं उत्तर प्रदेशच्या २००६च्या महसूल संहितेतलं. आपल्याकडे १९६६चा महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम चालतो. मंडळ अधिकाऱ्यानं मंजूर केलेल्या फेरफारावर प्रांताकडे अपील करायचं ते त्याच्या २४७ कलमाखाली, आणि मुदत ६० दिवसांची.

मी विचारलं, "मावशी, फेरफार झाल्याचं तुम्हाला कळलं कधी?"

"दिवाळीला माहेरी गेले तेव्हा. भाच्यानं उतारा काढला होता."

फेरफाराला दोन वर्षं होऊन गेली होती. म्हणजे अपिलासोबत विलंब माफीचा अर्ज हवा. नोटीस मिळाली नव्हती, दिवाळीत उतारा पाहिल्यावर प्रथम कळलं, ही गोष्ट त्या अर्जाचा प्राण होती. मोबाइलवरच्या दोन पानांत तिचा उल्लेखही नव्हता, कारण कुणी ती विचारलीच नव्हती.

हे असं का होतं, ते समजून घेतलं की राग कमी होतो आणि सावधपणा वाढतो. हे यंत्र कायद्याचं पुस्तक उघडून पाहतंच असं नाही. अफाट मजकूर वाचून कोणत्या शब्दांमागे कोणते शब्द येतात याचा अंदाज ते शिकलेलं असतं आणि त्या अंदाजानं पुढचा शब्द मांडत जातं. ज्या विषयावर पुष्कळ लिहिलं गेलंय तिथे अंदाज बरोबर येतो. इंटरनेटवर हिंदी मजकूर मराठीपेक्षा कितीतरी जास्त, आणि आपले कित्येक जुने शासन निर्णय नुसत्या स्कॅन केलेल्या पानांवर, नाहीतर जुन्या फॉन्टांत अडकलेले. मग मराठी अर्जात उत्तर प्रदेश शिरलं तर नवल नाही. शिकलेलेही यात फसतात. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली वकिलांनी यंत्रानं रचलेले, कधीच न झालेले निकाल कोर्टापुढे ठेवले आणि ५,००० डॉलर दंड भरला.

मी स्वतः हे साधन रोज वापरते. "लिहिण्याआधी तुला लागतील ते प्रश्न मला विचार," असं सांगितलं तर ते पुष्कळदा नेमकी तारीखही विचारतं. पण असं सांगायला हवं, हे मावशींना कसं कळावं? ज्याला विषय ठाऊक आहे त्याच्या हाती ते चांगलं हत्यार आहे. ज्याला नाही, त्याला ते चुकीचंही उत्तर तितक्याच ठामपणे देतं. मला सलतं ते हेच. आधार कार्ड, बँक पासबुक, सातबारा, सगळ्यांचे फोटो लोक बिनदिक्कत त्यात टाकतात, तेही सलतं. नंबर झाकून मग फोटो काढा, असं मी प्रत्येकाला सांगते.

तरी मावशींचं एक बोलणं मी विसरू शकत नाही. त्या म्हणाल्या, "ताई, घरातले सगळे सांगत होते, भावांशी वैर नको. रात्री नातवानं फोन हातात दिला, मी त्यात सगळं बोलले. त्यानं एकदाही गप्प बसायला सांगितलं नाही." माझ्या दुकानात बाकावर चार गावांची माणसं बसलेली असतात. तिथे कोणती बाई भावांविरुद्ध तोंड उघडेल? तो चुकीचा अर्ज हातात नसता, तर त्या कचेरीची पायरी चढल्याच नसत्या.

धंद्याचं म्हणाल तर पानामागे मिळणारे पैसे घटले आहेत. आता मी तपासून देण्याचे पैसे घेते, तेव्हा लोक म्हणतात, नुसतं वाचायचे कसले पैसे? कलम कुठलं, मुदत संपली का, अर्ज कुणाच्या नावे, हे सगळं त्या वाचण्यात असतं. ते त्यांना समजावून सांगणं हेही आता माझ्या कामात आलं.

मावशींचं अपील विलंब माफीच्या अर्जासह दाखल झालं आहे. सुनावणीत काय बोलायचं ते फोनला विचारणार म्हणाल्या. मी म्हटलं, जरूर विचारा, पण नोटीस आली की ती घेऊन आधी इकडे या.